हरित ऊर्जेच्या मनोऱ्याला जिना आहे का?

‘हरित रोजगार’ हा शब्द आता पालघर जिल्ह्यातल्या वस्त्या-पाड्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. सौर पॅनेल बसवण्याचा कोर्स, सौर पंप दुरुस्तीचा कोर्स, छतावरच्या सौर प्रकल्पासाठी ‘हेल्पर पाहिजे’, ‘टेक्निशियन पाहिजे’ अशा जाहिराती मोबाइलवर फिरत असतात. आयटीआय करून घरी बसलेला मुलगा, बारावीनंतर शिक्षण सुटलेली मुलगी, बोईसरच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे बारा-बारा तास राबणारा तरुण, या सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली जाते : कोळशाचे दिवस संपत आले, पुढचा काळ सूर्याचा आहे, तीन महिन्यांचा कोर्स कर आणि कामाला लाग.

पुढचा काळ सौर ऊर्जेचा आहे हे खरेच आहे. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या काळात आपल्याला कोणत्या मजल्यावर उभे केले जाणार याबद्दल. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. त्या मनोऱ्याला मजले आहेत, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिना नाही, असे त्यांनी दाखवून दिले. शंभर वर्षांनंतर प्रत्येक नव्या उद्योगाला आपण हाच प्रश्न विचारायला हवा. खालच्या मजल्यावर प्रवेश मिळतोय हे ठीक, पण इथे जिना आहे का?

हा प्रश्न पालघर-तारापूरने विचारला नाही तर कोणी विचारायचा? या पट्ट्याने देशाला वीज दिली आहे. ती देताना इथल्या माणसाच्या वाट्याला काय आले, याचा साठ वर्षांचा हिशेब आपल्यासमोर आहे.

वीज इथली, अधिकारी बाहेरचे

तारापूर अणुविद्युत केंद्र हे देशातले पहिले अणुविद्युत केंद्र. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी १९६४ मध्ये करार झाला, ऑक्टोबर १९६९ मध्ये दोन्ही अणुभट्ट्यांतून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली आणि १९ जानेवारी १९७० रोजी इंदिरा गांधींनी केंद्र राष्ट्राला अर्पण केले. अणुवीज ‘हरित’ आहे की नाही हा वेगळा वाद आहे. सरकार तिला स्वच्छ ऊर्जेच्या हिशेबात धरते, म्हणून इथे तिचा इतिहास पाहणे गरजेचे आहे.

या अणुऊर्जेसाठी माणसे कशी घडवली गेली ते पाहा. तारापूरचा करार होण्याच्या सात वर्षे आधी, १९५७ मध्येच, ट्रॉम्बेला प्रशिक्षण शाळा सुरू झाली होती. विज्ञान आणि अभियांत्रिकीचे पदवीधर निवडायचे, त्यांना वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवायचे आणि मग वैज्ञानिक अधिकारी म्हणून सेवेत घ्यायचे, अशी ती पद्धत. म्हणजे आधी माणूस तयार केला, त्याच्या पोटाची सोय केली आणि प्रशिक्षणाच्या शेवटी पक्की नोकरी ठेवली. हे प्रशिक्षण उत्तम होते आणि त्याने देशाला नामवंत शास्त्रज्ञ दिले. पण १९५७ साली विज्ञानाचा पदवीधर कोणाच्या घरात होता? तारापूरच्या आसपासच्या वारल्यांच्या, कोळ्यांच्या, आपल्या महारवाड्यांतल्या घरांत नव्हता. त्यामुळे हा जिना त्यांच्या अंगणापर्यंत आलाच नाही. त्यांच्यासाठी शिल्लक राहिले ते बांधकामाचे, खोदाईचे, ओझे वाहण्याचे, झाडलोटीचे काम. त्यासाठी कोणी प्रशिक्षण शाळा काढत नाही.

सत्तरच्या दशकात अणुकेंद्राच्या शेजारी बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहत वाढली. रसायने, औषधे, कापड, पोलाद असे कारखाने आले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आपली माणसे पोटासाठी इथे आली आणि चाळींमध्ये, खाडीकाठच्या वस्त्यांमध्ये राहिली. पुढे उत्तर भारतातूनही लोक आले. कारखाने वाढले तशी कंत्राटी पद्धतही वाढली. ११ जानेवारी २०२० रोजी या वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जणांचा जीव गेला. अशा प्रत्येक स्फोटानंतर एकच गोष्ट पुन्हा समोर येते. ज्याला धोक्याची कमीत कमी माहिती दिलेली असते, तोच धोक्याच्या सर्वांत जवळ उभा असतो. प्रशिक्षण ही केवळ पगाराची बाब नाही, ती जिवाची बाब आहे.

डहाणूची गोष्टही अशीच. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. तरीही तिथला ५०० मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प १९९५ मध्ये सुरू झालाच. लोक न्यायालयात गेले, म्हणून १९९६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले आणि प्रकल्पावर काही अंकुश राहिला. त्यानंतर तारापूरचे तिसरे आणि चौथे युनिट आले, प्रत्येकी ५४० मेगावॅटचे. चौथे २००५ मध्ये आणि तिसरे २००६ मध्ये सुरू झाले. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. मच्छीमारांचा समुद्र आणि शेतकऱ्यांची वाडी गेली. पुनर्वसनाचा आणि नोकऱ्यांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला.

अणुभट्टी, कोळसा, पुन्हा अणुभट्टी. इंधन बदलत गेले, तंत्र बदलत गेले. जमीन, पाणी आणि अंगमेहनत इथली आणि अधिकाराची खुर्ची बाहेरची, ही वाटणी मात्र बदलली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्याची सुमारे ३७ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, त्या जिल्ह्यात ही वाटणी आपोआप झालेली नाही. आता त्याच जिल्ह्यात सौर ऊर्जा येते आहे. ती वाटणी आताही तशीच राहणार का, हा खरा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न कधीच मांडला होता

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचे विधान त्याच परिषदेतले. ते आपण सगळे सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांचा जो हिशेब मांडला, तो आपण फारसा सांगत नाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नाही. वर्कशॉपमध्ये तो क्वचितच मेकॅनिक होतो. कापडगिरण्यांतही हेच होते. विणकाम खात्यात पगार चांगला, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागत असे. सवर्ण कामगाराला अस्पृश्याचा उष्टा धोटा चालत नव्हता, म्हणून विणकाम खाते अस्पृश्यांना बंद. त्यांना कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यातच थांबावे लागे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवली, ती यासाठीच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गिरणीत आपल्या माणसाला नोकरी मिळत होती. रेल्वेतही मिळत होती. आजच्या भाषेत ती ‘एंट्री लेव्हल’ची नोकरी होती. बाबासाहेबांची तक्रार प्रवेश मिळत नाही एवढीच नव्हती. ज्या दारातून प्रवेश मिळतो, त्या दारापाशीच माणसाला आयुष्यभर उभे केले जाते, ही त्यांची तक्रार होती. १९३६ मध्ये त्यांनी मांडले होते की जात ही नुसती कामे वाटून देत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडून खालीवर रचते. रेल्वे आणि गिरणी हे त्याचे जिवंत पुरावे होते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या आणि परदेशी शिक्षणासाठी मदत मागितली होती. त्याबरोबरच सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉप यांमध्ये अनुसूचित जातींच्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी होती. वरच्या टोकाला परदेशी पदवी आणि खालच्या टोकाला वर्कशॉपमधली उमेदवारी, दोन्ही एकाच कागदावर. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना सव्वाआठ टक्क्यांच्या वर, म्हणजे बारात एक या प्रमाणात, राखीव जागा मिळाल्या. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

याच काळात वीज हे त्यांच्याच खात्याचे काम होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर विद्युतविकासाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी वीजनिर्मिती सरकारी असावी की खासगी, हा प्रश्न स्पष्टपणे ठेवला. स्वस्त आणि भरपूर विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय गरिबीच्या फेऱ्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. युद्धासाठी कारागीर घडवणारी तांत्रिक प्रशिक्षण योजना याच मजूर खात्याकडे होती. १९४५ मध्ये रोजगार विनिमय केंद्रे सुरू झाली.

त्याच १९४५ सालच्या मे महिन्यात, आपल्या तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची पहिली परिषद भरली आणि वेठबिगार व लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव सुरू झाला. दिल्लीत विजेचे आणि कुशल कामगारांचे नियोजन चालू होते आणि इथे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस सावकाराकडे पिढीजात राबत होता. हे दोन्ही एकाच देशात एकाच वर्षी घडत होते.

बाबासाहेबांच्या या कामात तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या दिसतात : सार्वजनिक वीज, प्रशिक्षण आणि राखीव जागांची हमी. यातली एक काढली की बाकीच्या दोन लंगड्या होतात. आज आपल्यासमोर जे ‘हरित कौशल्य’ आहे, त्यात मधली एकच ठेवली आहे.

मंडळातला वायरमन आणि कंत्राटदाराचा हेल्पर

१९४८ च्या वीजपुरवठा कायद्यातून राज्यांची वीज मंडळे आली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. १९५० पासून आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना होतीच. या दोन गोष्टींची सांगड बसली आणि आपल्या समाजाला एक खराखुरा जिना मिळाला. वीजतंत्री किंवा तारतंत्री हा आयटीआयचा ट्रेड करायचा, मंडळात राखीव जागेवर लागायचे, हेल्परचा लाइनमन व्हायचे, परीक्षा देत पुढे सरकायचे. महाराष्ट्रातल्या किती बौद्ध घरांत पहिला कायम पगार, पहिले पक्के घर आणि पहिले पदवीधर मूल हे मंडळातल्या वायरमनच्या नोकरीतून आले, ते आपल्या आसपास विचारून पाहा.

२००३ मध्ये नवा विद्युत कायदा आला. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. कामे बाह्यस्रोताने देण्याचे प्रमाण वाढत गेले. सौर ऊर्जेचा मोठा विस्तार झाला तो त्यानंतर. म्हणजे ही ऊर्जा वाढली तीच मुळी खासगी कंपनी, उपकंत्राटदार आणि रोजंदारी या रचनेत. कोळशाच्या आणि पाण्याच्या विजेत आरक्षण आधी आले आणि खासगीकरण नंतर. सौर विजेत खासगीकरण आधीपासून आहे आणि आरक्षण आलेलेच नाही. ‘हरित’ शब्दाच्या चमकेमागे हा फरक झाकला जातो.

सूर्यमित्र कोण होतो आणि पुढे काय होतो

केंद्र सरकारने २०१५ मध्ये राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत सूर्यमित्र कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षांत पन्नास हजार सूर्यमित्र घडवायचे असे उद्दिष्ट होते. ६०० तासांचे, साधारण तीन महिन्यांचे निवासी आणि मोफत प्रशिक्षण. पात्रता दहावी आणि त्यावर आयटीआय किंवा पदविका. पुढे सौर पंपासाठी वरुणमित्र, पवनऊर्जेसाठी वायुमित्र, लहान जलविद्युत प्रकल्पांसाठी जल ऊर्जामित्र अशी भावंडे आली. २०१५ मध्येच हरित नोकऱ्यांसाठी स्वतंत्र कौशल्य परिषद झाली.

प्रशिक्षण मोफत आणि निवासी आहे, ही चांगली गोष्ट आहे. मोखाड्याच्या मुलाला खोलीभाडे भरून शहरात शिकणे परवडत नाही. अभ्यासक्रमही निरुपयोगी नाही. पॅनेलची रचना, डीसी केबल, इन्व्हर्टर, अर्थिंग, नेट मीटर हे सगळे खरे काम आहे आणि ते शिकण्यासारखे आहे. पण तीन गोष्टी पाहायला हव्यात.

पहिली गोष्ट शब्दांची. या कार्यक्रमात अनुसूचित जाती-जमाती, महिला, ग्रामीण बेरोजगार यांच्यावर ‘विशेष भर’ देण्याची भाषा आहे. ‘राखीव’ हा शब्द वेगळा आणि ‘भर’ हा शब्द वेगळा. राखीव जागा भरली नाही तर जाब विचारता येतो. भर कमी पडला तर कोणाला जाब विचारणार?

दुसरी गोष्ट परवान्याची. आपल्या राज्यात विजेचे अधिकृत काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत व्हावे लागते. त्याची एक उतरंड आहे. वर ठेकेदार, त्याखाली पर्यवेक्षक, त्याखाली परवानाधारक वायरमन आणि सर्वांत खाली हेल्पर. तीन महिन्यांचे प्रमाणपत्र म्हणजे वायरमन परवाना नव्हे. ज्याच्याकडे परवाना नाही, तो कितीही चांगले काम शिकलेला असो, कागदावर तो दुसऱ्याच्या हाताखालचाच. सही दुसऱ्याची आणि बिलही दुसऱ्याचे. वस्तीत काम करताना प्रशिक्षण घेऊन आलेली मुले भेटतात, त्यांतल्या अनेकांना हा फरक कोर्स संपेपर्यंत कोणी सांगितलेला नसतो.

तिसरी गोष्ट कामाच्या स्वरूपाची. सौर प्रकल्प उभारताना भरपूर हात लागतात, पण ते काही महिन्यांपुरते. खड्डे, लोखंडी सांगाडे, पॅनेल चढवणे, केबल ओढणे. प्रकल्प सुरू झाला की उरतात ते थोडे तंत्रज्ञ, पहारेकरी आणि पॅनेल धुणारे. छतावरच्या कामात उंचीवरून पडण्याचा आणि विजेचा झटका बसण्याचा, असा दुहेरी धोका असतो. आता सांगा, पॅनेल धुण्याचे काम कोणाकडे जाईल? गिरणीतले सूतकताई खाते आणि रेल्वेतली गँग आठवा, म्हणजे उत्तर शोधावे लागणार नाही.

काम येणारच नाही, असे मात्र नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने एक कोटी घरांच्या छतांवर सौर प्रकल्पांसाठी पीएम सूर्यघर योजना मंजूर केली. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची आहे. तलासरीची हद्द ओलांडली की लागणाऱ्या गुजरातच्या उंबरगाव तालुक्यात सौर पॅनेल बनवणारे कारखाने उभे आहेत. १९६० पूर्वी हा तालुका आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता आणि वारली उठावाची भूमीही हीच. म्हणजे ग्राहक म्हणून, शेतकरी म्हणून, मजूर म्हणून आपण या योजनांमध्ये आहोत. ठेकेदार, पर्यवेक्षक, अभियंता म्हणून आपण किती आहोत, हे मोजायला हवे.

एका हाताला सूर्य, दुसऱ्या हाताला विश्वकर्मा

सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी प्रशिक्षण, साधने आणि कर्ज. लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी. कारागिराला मदत मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. पण पिढीजात व्यवसायालाच ‘कौशल्य’ म्हणून गौरवायचे, हा विचार आपल्याला नवा नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी शाळेचे तास कमी करून मुलांनी उरलेल्या वेळेत घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली होती. पेरियारांनी तिला कुलशिक्षण ठरवून आंदोलन उभे केले. राजाजींना पद सोडावे लागले आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना मागे घेतली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या राज्यातल्या महाविद्यालयांत आचार्य चाणक्य यांच्या नावाने एक हजार कौशल्य केंद्रे सुरू झाली. ज्या माणसाने वीज आणि प्रशिक्षण हे दोन्ही विषय देशाच्या मजूर खात्यातून प्रत्यक्ष हाताळले, त्याचे नाव या केंद्रांसाठी सुचले नाही, याची नोंद आपण घेतली पाहिजे. पण भांडण नावापाशी थांबवू नये. त्या केंद्रात कोण शिकतो आणि शिकून कुठे जातो, हे विचारावे.

कायद्यातला विसरलेला जिना

‘खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, मग करणार काय?’ असे आपले कार्यकर्तेही हताश होऊन म्हणतात. नोकरीबाबत ते खरे आहे. प्रशिक्षणाबाबत मात्र ते पूर्ण खरे नाही.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. त्यात १९७३ मध्ये कलम ३-अ घालण्यात आले. निर्धारित ट्रेडमध्ये शिकाऊ उमेदवार घेताना मालकाने अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींसाठी जागा राखून ठेवायच्या, असे हे कलम सांगते. कायद्यातला ‘मालक’ हा केवळ सरकारी मालक नाही. कायदा ज्यांना लागू आहे त्या खासगी कारखान्यांचाही त्यात समावेश होतो. पुढे इतर मागासवर्गीयांसाठीही अशीच तरतूद झाली. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे.

आता बोईसर-तारापूरच्या वसाहतीकडे या नजरेने पाहा. प्रत्येक मोठ्या कारखान्यात वीजतंत्री, तारतंत्री, फिटर, उपकरण यांत्रिकी यांच्या उमेदवारीच्या जागा असायला हव्यात आणि त्यांतल्या काही आपल्या आणि आदिवासी मुलांसाठी राखीव असायला हव्यात. हे कोणाचे उपकार नाहीत, हा पन्नास वर्षांपूर्वीचा कायदा आहे. हे कारखाने आपल्या छतांवर सौर प्रकल्प बसवतील, तेव्हा त्यांची देखभाल त्याच वीजतंत्र्याच्या हाती असेल. उमेदवाराला विद्यावेतन मिळते. कारखान्यातल्या आरोग्य आणि सुरक्षेच्या तरतुदी त्याला लागू होतात. अपघात झाला तर भरपाईचा हक्क असतो. कंत्राटदाराच्या हेल्परला यातले किती मिळते, ते बोईसरच्या कोणत्याही नाक्यावर कळेल.

कायद्यात उणिवा आहेत. उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, असे कायदाच म्हणतो. मुदत संपल्यावर त्याला नोकरी द्यायचे बंधन मालकावर नाही. राखीव जागांचे प्रमाण राज्याच्या लोकसंख्येकडे पाहून ठरते. महाराष्ट्रात आदिवासी नऊ टक्क्यांच्या थोडे वर आहेत, पालघरमध्ये सुमारे ३७ टक्के. म्हणजे इथल्या आदिवासी मुलांना त्यांच्या संख्येच्या मानाने हे प्रमाण तोकडे पडते. जिल्हास्तरीय गट क आणि ड च्या सरकारी भरतीत आदिवासी जिल्ह्यांसाठी वेगळे प्रमाण ठरवता येते, तर उमेदवारीत का नाही? ही मागणी अनुसूचित जातींची संख्या कमी असलेल्या या जिल्ह्यात आंबेडकरी चळवळीने आदिवासी संघटनांच्या खांद्याला खांदा लावून करायला हवी.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप : काहीच नसण्यापेक्षा तीन महिन्यांचा कोर्स काय वाईट? वाईट नाही. ज्याला मिळतोय त्याने तो जरूर करावा. पण कोर्स करणे हा त्या मुलाचा निर्णय आहे आणि कोर्सवरच समाधान मानणे हा चळवळीचा पराभव आहे.

दुसरा आक्षेप आपल्यातच ऐकू येतो : बाबासाहेबांनी अधिकारी व्हायला सांगितले, तुम्ही पोरांना वायरमन कसले करता? १९४२ चे निवेदन याला उत्तर देते. परदेशी उच्चशिक्षण आणि वर्कशॉपमधली उमेदवारी त्यांनी एकत्रच मागितली. एमपीएससीच्या अभ्यासात वयाची तिशी गाठणाऱ्या आपल्या मुलांकडे पाहिले तर हाताला काम देणाऱ्या शिक्षणाला कमी लेखणे परवडणारे नाही. अट एवढीच की हेल्परपासून पर्यवेक्षकापर्यंत आणि पदविकेपासून अभियंत्यापर्यंत जाण्याची वाट उघडी असली पाहिजे.

तिसरा आक्षेप : तुम्ही हरित ऊर्जेलाच विरोध करता. नाही. कोळशाची राख आणि रसायनांचे पाणी सर्वांत आधी गरिबाच्याच दारात येते, हे डहाणू आणि बोईसरला शिकवावे लागत नाही. स्वच्छ ऊर्जा आपल्याला हवीच आहे. फक्त तिच्यातली कामाची वाटणीही स्वच्छ हवी.

मग करायचे काय?

घोषणा पुष्कळ झाल्या. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाखेने, युवक मंडळाने, बुद्धविहार समितीने हाती घ्यावीत अशी काही कामे आहेत.

एक, आयटीआयमधल्या शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणाऱ्या केंद्राकडे माहिती अधिकारात अर्ज करावा. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या किती आस्थापनांनी गेल्या पाच वर्षांत किती उमेदवार घेतले, कोणत्या ट्रेडमध्ये घेतले आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे किती, हे ट्रेडनिहाय मागावे. आकडा हातात आला की मोर्चाला धार येते.

दोन, सौर प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक केंद्राला प्रवेशाआधीच लेखी विचारावे : या प्रमाणपत्रावर परवाना मिळतो का? मिळत नसेल तर वायरमन परीक्षेची तयारी तुम्ही करून देता का? मागच्या तुकडीतली मुले आज कुठे आहेत?

तीन, सरकारी पैशातून होणाऱ्या सौर कामांच्या निविदांमध्ये, शाळांच्या छतांपासून कृषी पंपांपर्यंत, कलम ३-अ प्रमाणे उमेदवार घेतल्याचा पुरावा ही अट असावी, अशी मागणी आमदार-खासदारांकडे आणि जिल्हा नियोजन समितीकडे करावी. सार्वजनिक पैसा जिथे जातो, तिथे सामाजिक न्यायही गेला पाहिजे.

चार, परवाना काढलेल्या आपल्या आणि आदिवासी मुला-मुलींच्या सहकारी संस्था उभ्या करून ठेकेदारीत उतरावे. अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना यांचा निधी, बार्टीसारख्या संस्थांची प्रशिक्षणे यासाठी वळवून घ्यावीत. मुलींना यात ठरवून पुढे आणावे. इन्व्हर्टर दुरुस्त करायला, मीटर वाचायला, प्रकल्पाचा आराखडा करायला पुरुषच लागतो असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आपल्या जिल्ह्यात, सोपाऱ्याला, अशोकाचे शिलालेख आणि स्तूप सापडले. त्या बंदरातून धम्म आणि व्यापार दोन्ही गेले. धम्मात सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. माणसाने पोट कसे भरावे याचा विचार बुद्धाने निर्वाणाच्या वाटेतून वेगळा काढला नाही. म्हणून कोणाला कोणते काम मिळते, कोणत्या अटीवर मिळते आणि त्यातून वर जाता येते का, हे आपल्या चळवळीचे रोजचे प्रश्न असले पाहिजेत. येत्या १४ एप्रिलच्या तयारीच्या बैठकीत मंडप, मिरवणूक आणि ध्वनिक्षेपकाच्या चर्चेबरोबर हा माहिती अधिकाराचा अर्जही लिहून घ्या. दहा रुपयांचे शुल्क आहे.

जय भीम! जय जोहार!